उलटा फिरणारा पंखा

१

शिवाजी उद्यमनगरातल्या कृष्णातच्या गॅरेजचं शटर सोमवारी सकाळी उघडायच्या आधीच काळं झालं होतं. कुणीतरी डबाभर जळकं ऑइल आणून त्यावर ओतलं होतं आणि बोटानं मोठ्या अक्षरात एकच शब्द ओढला होता, ‘फसव्या’. शेजारच्या लेथवाल्यांनी तो वाचला, एकमेकांकडं पाहिलं आणि आपापली मशिनं चालू केली. उद्यमनगरात कुणाला कुणाची विचारपूस करायला सवड नसते, पण बातमी मात्र सकाळच्या चहाआधी पोचते.

कृष्णातनं शटर पुसलं नाही. तो तडक राजारामपुरीत संयोगिता चौगुले यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

संयोगिता म्हणजे गाड्यांच्या सर्व्हेअर बाई. विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या, जळलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासण्यात त्यांची हयात गेली होती. लग्न केलं नाही, घरात माणूस नाही आणि कुणापुढं शब्द टाकायचा नाही हा एकच माज त्यांनी आयुष्यभर जपला. गॅरेजवाले त्यांना टरकून असत. वाकडा पत्रा दाखवून नवा दरवाजा उकळायला जावं, तर बाई पत्र्यावरचा गंज बघून म्हणायच्या, हा पोचा गेल्या गणपतीतला. संध्याकाळी दार उघडून आत गेल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. बोलायला कोण होतं?

“म्याडम, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला लागलेत,” कृष्णात म्हणाला. “तुमी फकस्त एकदा गाडी बघा. माझी चूक हाय म्हनलासा, तर मी आजच गॅरेजला कुलूप लावतो.”

“आधी आत ये. आणि पहिल्यापासून सांग.”

त्यानं सांगितलं ते असं. त्याच्याच गावची, गडमुडशिंगीची तानाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी वर्षाराणी नवऱ्याबरोबर पुण्यात, कंपनीत मोठ्या जागेवर. गेल्या आठवड्यात ती एकटीच गाडी घेऊन आईकडं आली. तावडे हॉटेलच्या सिग्नलला गाडी गरम झाली, हलली की पुन्हा थंड झाली. म्हणजे रेडिएटरचा पंखा बंद पडला हे उघड होतं. कृष्णातनं शनिवारी नवा पंखा घातला आणि गाडी गावात नेऊन दिली. रविवारी दुपारी वर्षाराणी पुण्याला निघाली. हायवेला गाडी मस्त पळाली. वाठारच्या अलीकडं रस्त्याचं काम आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग, तिथं काटा लाल रेषेवर गेला.

“त्यांनी बोनेट उघडून बघितलं, तर पंखा गरागरा फिरत हुता. मग त्यास्नी वाटलं पाणी कमी झालं आसंल. फडकं धरून झाकण फिरवलं आन उकळतं पानी उजव्या हातावर आलं. कोपरापतोर भाजलाय हात.” कृष्णातनं आपल्याच हातावर बोट कोपरापर्यंत नेऊन दाखवलं. “इंजान पण गेलं. आता त्या गावात आईकडंच हायत. त्येंचा चुलतभाऊ अतुल, त्यानं गावभर केलंय की कृष्णातनं भंगारातला पंखा घातला म्हणून. उद्या सांजचं मारुतीच्या देवळाम्होरं बैठक हाय. गावातली एक गाडी माझ्याकडं द्यायची न्हाय, आसं ठरणार.”

“पंखा फिरत होता?”

“फिरत हुता की. त्याचंच तर कोडं हाय.”

गाडी त्यानंच टोचन लावून आणली होती. गॅरेजमध्ये येताच संयोगितानं बोनेट उघडलं. पंखा धड होता, पाती शाबूत होती. “चावी फिरव. इंजिन नको, नुसती चावी. आणि तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढ.”

प्लग काढल्याबरोबर पंखा घोंघावत सुरू झाला. संयोगितानं बाकड्यावरचं वर्तमानपत्राचं पान उचललं आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा रेडिएटरच्या मागं असतो, बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून पान जाळीला चिकटायला हवं होतं.

पान फडफडलं, हातातून सुटलं आणि उलटं त्यांच्याच छातीवर येऊन आदळलं.

कृष्णातचं तोंड पांढरंफटक पडलं. “म्याडम, पोरांची आन घेऊन सांगतो. मी गाडी दिली तवा ह्यो वारा सुलट हुता.”

२

“पंखा कुठून घेतलास?”

“बाळासोंकडनं.”

बाळासोंचं स्पेअर पार्टचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. माणूस गोल, पांढरी टोपी, आणि पार्टची गोष्ट निघाली की गिऱ्हाइकाला उभं करून शाळा घेणारा. संयोगितानं विचारायचा अवकाश, त्यांनी दोन पंखे काउंटरवर ठेवले.

“बघा बाई. ह्यो ढकलणारा. रेडिएटरच्या म्होरं बसतो. आन ह्यो वढणारा, मागं बसतो. पात्यांचा बाक बघा, कसा उलटसुलट हाय. निम्मे मिस्त्री नुसता घेर मोजत्यात आन घिऊन जात्यात. कृष्णातनं जुना पंखा हातात आणलाता. घेर मिळवला, पाती मोजली, बाक मिळवला, मोटर किती करंट वढती ते इचारलं. वर भवतीचं प्लास्टिकचं कडं फुटलंय का म्हणून बघून घेतलं. कडं नसलं तर पंखा रेडिएटरच्या मधल्याच भागातनं हवा वढतो, कोपरे गरमच ऱ्हात्यात.”

“म्हणजे पंखा बरोबर दिला.”

“एकदम बरोबर. फकस्त त्या मोटरीचा प्लग गाडीच्या प्लगात बसत न्हाय. कंपनीभायरच्या मालाचं तेवढं आसतंयच. तारा कापून जोडाव्या लागत्यात.”

संयोगिता गॅरेजमध्ये परतल्या. दोनच तारा, एक लाल आणि एक काळी. बॅटरीवरच्या असल्या मोटरीचं साधं आहे. लालला लाल आणि काळीला काळी जोडली की ती सुलट फिरते. अदलाबदल केली की तितक्याच झोकात उलट फिरते, आवाजही तोच. मग पंखा इंजिनाजवळची तापलेली हवा पुढं रेडिएटरवर ढकलतो. गाडी पळत असली की समोरचा वारा त्याला भारी पडतो आणि काही कळत नाही. रांगेत गोगलगाय चालीनं चालली की दोन वारे मध्येच एकमेकांना अडवतात आणि रेडिएटर उकळतो.

“जोड उघड.”

कृष्णातनं काळी टेप सोडली आणि थबकला. टेपखाली पांढरा सुती दोरा होता. वेढ्याला वेढा लागलेला, घट्ट, एकसारखा. गाठ कुठंच दिसत नव्हती, दोऱ्याचं टोक वेढ्यांखालून ओढून घेऊन कापलेलं होतं.

“हे माझं काम न्हाय म्याडम. आमी तार पिळतो आन टेप मारतो. दोरा गुंडाळत बसाय कुणाला येळ हाय?”

दोरा कापला. आत लाल तार काळीला जोडलेली होती.

“तू लालला लाल जोडली होतीस याला पुरावा?”

कृष्णात आठवू लागला, मग एकदम खिसे चाचपत म्हणाला, “फोटो! काम झालं की गिऱ्हाइकाला फोटो पाठवतो मी. टेप मारायच्या आधी काढल्याला. वर्षाताईंनी उघडलाच न्हाय, हे बघा, अजून तसाच पडून हाय.”

फोटोत लाल तार लालला पिळलेली स्वच्छ दिसत होती.

तेव्हा शनिवारी संध्याकाळनंतर कुणीतरी जोड उघडला होता. पण कुठं? गावात, की वाटेत कुठल्या ढाब्यावर? संयोगितानं टॉर्च हातात घेतला आणि रेडिएटरची इंजिनाकडची बाजू न्याहाळली. जाळीत काळ्या कुरकुरीत चिंध्या अडकल्या होत्या. त्यांनी एक चिमटीत धरून चुरगळली. उसाच्या जळक्या पाचटाची राख.

रस्त्यावरची राख पुढच्या बाजूला बसते. इंजिनाकडच्या बाजूला ती बसायची तर गाडी उभी हवी, बोनेट उघडं हवं आणि पंखा तेव्हाच उलटा फिरत असायला हवा.

“तानाबाईंच्या घराजवळ फड आहे का रे उसाचा?”

“लागूनच हाय. रविवारी सकाळी पाचट पेटवलं, दुपारपतोर धुमसत हुतं.” संयोगितानं चिमटीतली राख झटकली. गाडी अंगणातून निघायच्या आधीच बिघडलेली होती.

३

तानाबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात एक खुर्ची, एकच. बाकीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर धूळ होती. संयोगिताला ते लगेच दिसलं, कारण त्यांच्याही घरात चारातली एकच खुर्ची पुसलेली असायची.

फाटकातच अतुल भेटला. तानाबाईंच्या दिराचा मुलगा, शेजारीच राहणारा, आवाजानं मोठा.

“कृष्णातनं धाडलंय न्हवं तुमास्नी? त्याला सांगा, उद्या देवळाम्होरं हुबा ऱ्हा म्हणावं.”

“शटरवर ऑइल तुम्ही फासलंत?”

“फासलं. लपवतोय काय? भनीचा हात भाजलाय माझ्या.”

“रविवारी सकाळी गाडीला हात कुणी कुणी लावला?”

अतुल जरा सावरला. “मी धुतली. निघताना काचंचं पाणी भराय बोनेट उघडलं. गाडी चालू हुती, राख उडत हुती फडातनं, म्हणून भरलं आन झाकलं. का वो? माझ्यावर घालताय व्हय?”

“कृष्णातशी तुमचं वाकडं आहे म्हणे.”

“ग्रामपंचायतीला त्यो आमच्या इरोधात फिरला, हाय वाकडं. म्हणून भनीची गाडी मोडीन?” तो दोन पावलं पुढं आला. “मला टॅक्टरची बत्ती जोडता येत न्हाय, वायरमन बोलवावा लागतो. इचारा गावात.”

त्याचं बोलणं ऐकून आतून तानाबाई आली. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, लुगडं घट्ट खोचलेलं. “अतल्या, पावण्यास्नी दारात हुबं करून भांडतोस व्हय? या बाई, आत या.”

वर्षाराणी कॉटवर बसली होती. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत बांधलेला. पुढ्यात ताटली, आणि तानाबाई मघापासून तिला घास भरवत होती हे दिसत होतं. पुण्यातली मोठी अधिकारी ओशाळली. “मला डाव्या हातानं येतं खाता. पण आई ऐकत नाही.”

“ऐकू कशाला?” तानाबाई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळून गेलं की संयोगितानं नजर दुसरीकडं वळवली.

तानाबाई चहा करू लागली. चहा गाळताना तिनं जी गाळणी घेतली तिची दांडी कधीतरी मोडलेली होती आणि पांढऱ्या दोऱ्यानं बांधून पुन्हा भक्कम केलेली होती.

“आक्का, तुम्ही शेतावर जायचात का पूर्वी?” संयोगितानं सहज विचारलं.

“शेत कुठलं? हिचं वडील गेल्यावर उद्यमनगरात जायाची मी, मोटरी भराय. तांब्याची तार गुंडाळायची. पंपाच्या, कूलरच्या, गाड्यांच्या. डोळं अधू झालं आन सुटलं काम. लई बाया हुतो आमी. दिसभर हसनं चालायचं.” तिनं कप पुढं केला. “आता घरात घड्याळ तेवढं बोलतंय.”

संयोगिता वर्षाराणीकडं वळल्या. “निघताना काही वेगळं झालं होतं का? आवाज, वास, काहीही.”

“गाडीचं काही नाही. एसी लावून ठेवला होता, सामान भरत होते.” ती हसली, हात दुखला तशी थांबली. “आईचा एक अपशकुन तेवढा झाला. मी निघाले की आई गाडीला हळदकुंकू लावते, समोर उभी राहून ओवाळते. नेहमी म्हणते, आधी ते इंजिन बंद कर. या खेपेला म्हणाली, चालू राहू दे. आणि निरांजन दोनदा विझलं. धूर सगळा तिच्याच डोळ्यांत. म्हणाली, दिवा नको म्हणतोय, आजच्या दिवस जाऊ नकोस. मी म्हटलं, आई, सोमवारी माझी मीटिंग आहे, दिव्याला सांग.”

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

४

त्या संध्याकाळी संयोगितानं राजारामपुरीतलं आपलं दार उघडलं, दिवा लावला आणि त्या बराच वेळ चप्पल न काढताच बसून राहिल्या. त्यांना उत्तर कळलं होतं. आयुष्यात प्रथमच त्यांना वाटलं की आपलं उत्तर चुकावं.

मंगळवारी सकाळी गॅरेजमध्ये त्यांनी कृष्णातला निरांजन आणायला सांगितलं. तो चक्रावला, पण शेजारच्या दत्ताच्या तसबिरीपुढचं घेऊन आला. तारा आधी उलट्या जोडून पंखा चालू केला. संयोगितानं वात पेटवली आणि ओवाळल्यासारखं जाळीसमोर धरलं. ज्योत त्यांच्याकडं झुकली आणि विझली, धूर नाकाडोळ्यांत गेला. मग लालला लाल जोडून पुन्हा पेटवली. या वेळी ज्योत गाडीकडं वाकली, थरथरली आणि जळत राहिली.

“म्हंजे कोण, म्याडम?” कृष्णातनं विचारलं.

संयोगितानं निरांजन त्याच्या हातात परत दिलं. “बैठक संध्याकाळी आहे ना? तोवर थांब.”

स्कूटरवरून गडमुडशिंगीला जाताना त्या मनातल्या मनात सगळं पुन्हा मांडत होत्या. अतुलनं बोनेट उघडलं खरं, पण तेव्हा राख आत बसली, म्हणजे पंखा त्याआधीच उलटा होता. आणि ज्याला बत्ती जोडता येत नाही तो असा जोड काय बांधणार? बाळासोंनी माल चोख दिला. कृष्णातचा फोटो बोलत होता. वर्षाराणी स्वतःचा हात भाजून घ्यायला वेडी नव्हती. राहिला तो दोरा. मोटरी भरणाऱ्या बायका वेटोळी तशीच बांधतात, टोक आत ओढून, म्हणजे फिरताना सुटायला नको.

पण कोडं हाताचं नव्हतंच, कारणाचं होतं. गाडी मोडायची असती तर तारा नुसत्या सोडून ठेवल्या असत्या. पंखा फिरताच ठेवून उलटा करायचा, इंजिन चालू ठेवायला सांगायचं आणि समोर दिवा धरायचा, हे कुणी कशासाठी करील? गाडी बिघडवण्यासाठी नाही. दिवा विझावा म्हणून.

तानाबाई परसात भांडी घासत होती. संयोगिता तिच्यासमोर दगडावर बसल्या.

“आक्का, दिवा तोंडानं फुंकला असता तर?”

तानाबाईचा हात थांबला, पण मान वर झाली नाही. “देवाचा दिवा तोंडानं इझवत न्हाईत,” ती हळू म्हणाली. “पाप लागतंय.”

५

मग तिनं सगळं सांगितलं, राखेनं भरलेले हात तसेच धरून. रविवारी पहाटे वर्षा झोपेत होती. खुंटीवरची चावी घेतली. जोड उघडला, तारा फिरवल्या. “वाटलं, दिवा इझला की ऱ्हाईल एक दिस. ती झोपली की तारा परत सरळ करीन. कुणाला कळायचं न्हाय. उघडा जोड ठेवाय हात धजंना, म्हणून दोरा गुंडाळला. वाटंत सुटला तर लेकराची गाडी बंद पडंल म्हणून.”

“आणि ती तरी निघाली.”

“निघाली की. हसत निघाली. मी गाडीम्हागं फाटकापतोर पळालो बाई. पर वरडून काय सांगू? तुझ्या आईनं दिवा खोटा पाडला म्हणून सांगू? मनात म्हनलं, थंडीचं दिस हायत, हायवेला वारा आसतोय, गाडी जाईल पुण्यापतोर. फोन करून मग सांगीन, पंखा दाखीव म्हणून.” तिनं पदरानं डोळे पुसले, राख गालाला लागली. “फोन माझ्या आधी दवाखान्यातनं आला.”

कोडं सुटल्यावर संयोगिताला जो एक आनंद व्हायचा, ज्याच्यावर त्यांनी इतकी वर्षं काढली, तो आज आला नाही.

“बाई, एक मागू? डाक्टर म्हनलाय, आठवडाभरात पट्टी निघंल. तंवर थांबा. ती हाय तंवर. पुढं तुमीच सांगा सगळ्यास्नी. हातानं जेवू घालत्या वो तिला. लहानपणी पण अशी माझ्या हातनं कदी खाल्ली न्हाय, मी कामावर जायाची.”

“आणि आज संध्याकाळी कृष्णातचं काय?”

तानाबाईनं घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं. गॅसची टाकी कृष्णातच आणून द्यायचा. तिला ताप आला तर डॉक्टरकडं तोच न्यायचा. गेली कित्येक वर्षं त्या फाटकातून न बोलावता आत येणारा तो एकटाच होता. संयोगिताला त्या क्षणी ‘बरं, थांबते’ म्हणायचा मोह झाला, अगदी ओठापर्यंत आला. पण जळक्या ऑइलनं माखलेलं शटर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

“नाही थांबता येणार, आक्का.”

तानाबाईनं हात धुतले. उठली, परसदारी उभी राहिली आणि आत हाक मारली, “वर्षा, जरा भायर ये.”

वर्षाराणीनं ऐकून घेतलं. आधी तिला कळेना, मग कळलं, आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. “माझा हात बघ, आई.”

“बघत्या की. पट्टी मीच बांधत्या.”

“मला तोंडानं सांगायचं होतंस, थांब म्हणून. नुसतं थांब. दिवा कशाला?”

“म्हनलं आसतं, आन तू न्हाय म्हनली आसतीस तर?” तानाबाई मुलीकडं सरळ बघून म्हणाली. “दिव्याला न्हाय म्हनलीस तर ते दिव्याला लागतंय. मला न्हाय म्हनलीस, तर त्यो शब्द मी कुठं ठेवू ह्या एवढ्याशा घरात?”

वर्षाराणी आत निघून गेली. डाव्या हातानं तिनं नवऱ्याला, सम्राटला, फोन लावला आणि पुण्याहून दुसरी गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर माणसं जमली. अतुल बोलायला उभा राहिला, तेवढ्यात तानाबाई बायकांतून उठून पुढं आली. “पंखा मी फिरवला,” ती म्हणाली. “पोरगं निर्दोष हाय. मला काय म्हणायचं ते म्हणा.” अतुल खाली मान घालून बसला. कृष्णात उठला, तिच्याजवळ गेला. त्याला बोलायचं खूप होतं, रागही होता.

“मावशी, माझ्या तोंडाला काळं लागलं तरी गप ऱ्हायलासा,” तो एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

बुधवारी दुपारी संयोगिता आपला तपासणीचा कागद द्यायला आल्या तेव्हा सम्राटची गाडी फाटकात उभी होती, सामान भरून झालं होतं. वर्षाराणी मागच्या सीटवर बसली. तानाबाई दारात आली, हातात काही नव्हतं. ती गाडीच्या काचेपाशी वाकली.

“वर्षा, थांब आजच्या दिस. मी म्हनत्या म्हणून थांब.”

वर्षाराणीनं आईकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण राग त्याहून मोठा होता. “नाही, आई. आज नाही.”

गाडी गेली. धूळ खाली बसली. तानाबाई फाटकाचा गज धरून उभी राहिली. जो शब्द घरात ठेवायला जागा नाही म्हणून तिनं एवढं केलं, तो शेवटी घरात येऊन पडला होता, आणि ती उभीच होती. मग पायरीवर येऊन बसली. अंगण पहिल्यासारखं गपगार झालं.

संयोगितानं तो कागद तिच्याजवळ ठेवला. आता निघायचं होतं. हेल्मेट घातलं, पट्टा लावला, स्कूटरची चावी फिरवली. घरी जाऊन करायचं असं काही नव्हतं. कालही नव्हतं, परवाही नव्हतं, पण ते त्यांना इतकं ढळढळीत कधी दिसलं नव्हतं. त्यांनी चावी पुन्हा फिरवून बंद केली आणि हेल्मेट काढलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं.

“आक्का, मी थांबू का आज इथं?”

तानाबाईनं वर पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता म्हणाली, “भाकरी थापत्या. हात धुवून या.”